बाबांचा प्रोस्टेट कॅन्सर हाडांत पसरलाय, आता घरच्यांनी काय काय करायचं

बाबांची कंबर वर्षभर दुखत होती आणि आम्ही सगळे, ते स्वतः धरून, वय झालं म्हणून ते सोडून देत होतो. मग कोणीतरी सांगितलं म्हणून पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) केला, आकडा चार अंकी आला, आणि पंधरा दिवसांत "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांपर्यंत गेलाय" हे ऐकून आम्ही तिघं हॉस्पिटलच्या पार्किंगमधे गाडीत बसून होतो. कोणी काही बोलत नव्हतं आणि मी मोबाईलवर "किती दिवस" असं सर्च करत होतो. ते करू नका. तिथे दिसणारे आकडे हजारो वेगवेगळ्या माणसांचे असतात, बरेचसे जुन्या औषधांच्या काळातले असतात, आणि त्यातला एकही आकडा तुमच्या बाबांचा नसतो.

त्यानंतर बाबा साडेचार वर्षं होते, त्यातली जवळजवळ तीन वर्षं बऱ्यापैकी चांगली गेली. चौथ्या स्टेजचा प्रोस्टेट कॅन्सर सहसा पूर्ण बरा होत नाही, हे खरंय, पण त्याला दाबून ठेवणारी औषधं बरीच आहेत आणि एक थकलं की दुसरं असं करत पुष्कळ वेळ मिळू शकतो. मी डॉक्टर नाही. हे जे लिहितोय ते आमच्या चुकांमधून शिकलेलं आहे, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. उपचार काय द्यायचे हे ठरवायला डॉक्टर आहेत. आपलं काम एवढंच की घरात जे खरंखरं चाललंय ते डॉक्टरांच्या टेबलापर्यंत न्यायचं, कारण बाबा लोक ते नेत नाहीत. "कसं वाटतंय काका?" "बरंय." झाली ओपीडी.

१. आधी एक फाइल आणि एक वही करा

पहिल्या आठवड्यात बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हे करा. फाइलमधे हे हवं:

- बायोप्सीचा रिपोर्ट. हा मूळ कागद, कुठेही गेलात तरी पहिला हाच मागतात. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक लॅबमधे ठेवलेले असतात, सेकंड ओपिनियनला किंवा पुढे जीन टेस्टला ते लागतात, म्हणून ते कुठे आहेत आणि त्यांचा नंबर काय हे आत्ताच लिहून ठेवा
- सगळे पीएसए तारखेप्रमाणे, एकाच कागदावर एकाखाली एक
- बोन स्कॅन, सीटी, एमआरआय, पेट स्कॅन जे काय झालं असेल त्याचे रिपोर्ट आणि सीडी, दोन्ही. नुसता रिपोर्ट घेऊन गेलात तर "सीडी कुठाय" म्हणून परत पाठवतात
- हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), लिव्हर, कॅल्शियम, टेस्टोस्टेरॉन यांचे रिपोर्ट
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, म्हणजे बीपी, शुगर, हृदयाची सुद्धा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती लाल पेनने
- हार्मोनचं इंजेक्शन कधी दिलं आणि पुढचं कधी
- डिस्चार्जचे कागद, विम्याचे कागद, ओळखपत्राच्या कॉप्या

सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनमधे ठेवा. आमच्याकडे फाइल फक्त माझ्याकडे असायची आणि एकदा मी गावाला असताना रात्री बाबांना इमर्जन्सीत न्यायला लागलं, आईला औषधांची नावं सांगता येईनात, ती नुसती "एक पांढरी गोळी आणि एक पिवळी" म्हणत राहिली.

वही म्हणजे साधी शाळेची वही. रोज रात्री तीन-चार ओळी: दुखणं ० ते १० मधे किती आणि नेमकं कुठे, झोप कशी, लघवी-संडास कसं, किती चाललं. एवढंच. सुरुवातीला बाबा वैतागले होते, "माझा काय हिशोब लिहितोस का". नंतर स्वतःच विचारायला लागले की आजचं लिहिलं का.

२. रिपोर्टमधले चार शब्द समजून घ्या

सगळी डॉक्टरकी शिकायची गरज नाहीये. चार शब्द कळले तरी ओपीडीतलं निम्मं बोलणं कळतं.

ग्लीसन स्कोअर: गाठीतल्या पेशी किती बिघडल्यात ते सांगतो. ६ ते १० मधे असतो, ८ किंवा त्याच्या वर म्हणजे आक्रमक. यावरून कॅन्सर किती पसरलाय ते कळत नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

पीएसए: रक्तातला आकडा. एका आकड्यावर हसू नका, रडू नका, दिशा बघा. शक्यतो एकाच लॅबमधून करा. उपचार सुरू झाल्यावर तो झपझप उतरतो, आणि सहा-सात महिन्यांनी ०.२ च्या खाली गेला तर ती चांगली खूण मानतात. पण पीएसए म्हणजेच कॅन्सर नव्हे, काही जणांत पीएसए शांत राहतो आणि स्कॅनमधे आजार वाढलेला दिसतो, म्हणून बाबांचं दुखणं वाढलं असेल तर "पीएसए तर नॉर्मल आहे" यावर समाधान मानू नका.

मेटास्टेसिस: पसरलाय. प्रोस्टेटचा कॅन्सर सगळ्यात जास्त हाडांत जातो, मणके, कमरेचं हाड, बरगड्या, मांडीचं हाड. आणि एक गैरसमज, आमच्या नातेवाइकांनी तर गावभर केला: हाडांत गेला म्हणजे "बोन कॅन्सर" झाला असं नाही. तो हाडात जाऊन बसलेला प्रोस्टेटचाच कॅन्सर असतो आणि त्यावर औषधंही प्रोस्टेटचीच चालतात.

पीएसएमए पेट: हा नवा स्कॅन, प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशींवर जे प्रथिन असतं त्याला चिकटणारं औषध देऊन फोटो काढतात. साध्या बोन स्कॅनपेक्षा बारीक जागा दाखवतो. दोन स्कॅन वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर "आधी तीन डाग होते आता आठ झाले" अशी तुलना घरी बसून करू नका, मी केली होती आणि दोन रात्री झोपलो नव्हतो, स्कॅनच जास्त बारीक होता एवढंच.

३. हार्मोन ट्रीटमेंट म्हणजे काय ते बाबांना आधी सांगा

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. हे चार्ल्स हगिन्स नावाच्या सर्जनने १९४१ मधे दाखवून दिलं, त्याबद्दल त्यांना १९६६ मधे नोबेल मिळालं, आणि आजही उपचाराचा पाया तोच आहे: ते हार्मोन बंद करायचं. एक तर छोट्या ऑपरेशनने अंडकोष काढतात, नाहीतर दर १, ३ किंवा ६ महिन्यांनी इंजेक्शन, काही ठिकाणी रोजची गोळी पण असते. हल्ली तब्येत झेपणारी असेल तर सुरुवातीपासूनच जोडीला अजून काही देतात, म्हणजे अबिराटेरोन, एन्झाल्युटामाइड, अपाल्युटामाइड, डारोल्युटामाइड यातली एखादी गोळी, किंवा डोसिटॅक्सेलची केमो, कधी दोन्ही. बाबांना नुसतं इंजेक्शन सुरू केलं असेल तर "जोडीला दुसरं औषध का नको?" हा प्रश्न नक्की विचारा. कारण असू शकतं, पण ते तुम्हाला कळायला हवं.

इथे नवखे लोक कुठे फसतात ते सांगतो.

इंजेक्शनच्या काही प्रकारांनी सुरुवातीचे काही दिवस हार्मोन उलट वाढतं आणि दुखणं भडकू शकतं, म्हणून आधी काही आठवडे वेगळी गोळी देतात. ती गोळी फालतू समजून सोडायची नाही, मणक्यात आजार असेल तर अजिबातच नाही.

अबिराटेरोन बहुतेक वेळा उपाशीपोटी घ्यायला सांगतात, कारण जेवणाबरोबर घेतली तर ती अंगात कितीतरी पटीने जास्त शोषली जाते. आणि तिच्याबरोबर जी स्टेरॉइडची गोळी असते ती मात्र जेवणानंतर. आम्ही दोन्ही एकाच डबीत ठेवून तीन आठवडे एकदमच देत होतो!! फार्मसीतल्या मुलीच्या लक्षात आलं म्हणून बरं. आता सांगायची गोष्ट म्हणजे दोन वेगळ्या डब्या, दोन वेगळे अलार्म. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही, आणि या गोळ्यांवर बीपी आणि पोटॅशियम बघत राहायला लागतं.

इंजेक्शनची तारीख उशिरा जाऊ देऊ नका. लग्न आहे, पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात बघू, असं होतंच. तारीख फोनमधे दोन जणांच्या टाका.

आणि परिणाम. बाबांना रात्री एकदम अंगातून वाफा निघाल्यासारखं होईल, घामाने बनियन ओलं होईल. थकवा येईल, झोपून न जाणारा. पोट सुटेल, दंड-मांड्या बारीक होतील, छाती हुळहुळी होईल, लैंगिक इच्छा जाईल, विनाकारण डोळ्यांत पाणी येईल. माझ्या वडिलांना मी आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं आणि ते टीव्हीवर कुठली तरी जाहिरात बघून रडायला लागले, मला वाटलं ते खचले, प्रत्यक्षात बराचसा भाग त्या इंजेक्शनचा होता. हे आधी सांगून ठेवलं असतं तर त्यांना स्वतःची लाज वाटली नसती. अर्थात उदासी टिकून राहिली तर इंजेक्शनवर ढकलू नका, तीही डॉक्टरांना सांगा, तिच्यावर उपाय आहेत.

थकव्यावर सगळ्यात उपयोगी पडतो तो व्यायाम, विचित्र वाटेल पण खरंय. चालणं आणि हलके वजनाचे व्यायाम. फक्त कुठली हाडं कमकुवत आहेत ते आधी विचारून, मगच.

४. "बरंय" या शब्दाचं काय करायचं

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. आमच्या बाबांनी डॉक्टरांना दुखणं दोन सांगितलं होतं, दहापैकी. त्याच रात्री ते खुर्चीत बसून झोपले होते कारण आडवं झालं की सहन होत नव्हतं. मी चिडलो, ते म्हणाले "सारखं काय रडगाणं गायचं त्यांच्यापुढे, त्यांना काय मी एकटाच पेशंट आहे का". मग कळलं की त्यांना वाटत होतं दुखतंय म्हटलं की केमो वाढवतील. आणि लघवीचं वगैरे आईसमोर, माझ्यासमोर बोलायची लाज. लैंगिक विषय तर सोडाच.

आम्ही काय केलं ते सांगतो, तुम्हाला जमेल तसं करा.

वहीतून आठवड्याचा गोषवारा अर्ध्या पानात, त्याखाली तीन प्रश्न, जास्त नाही. हे पान आत गेल्या गेल्या डॉक्टरांच्या हातात. तोंडी सांगायला सुरुवात केली की बाबा मधे "तसं काही नाही हो" म्हणून कापतात, कागद कापता येत नाही. हे बाबांना आधी दाखवायचं, पाठीमागून चुगली केल्यासारखं नको. त्यांनी एखादी ओळ खोडली तर खोडू द्या, पण का खोडली ते विचारा, तिथेच खरं बोलणं निघतं.

शेवटची पाच मिनिटं बाबा आणि डॉक्टर दोघंच. मी आणि आई बाहेर. ही कल्पना एका नर्सची, आणि पहिल्याच वेळी बाबांनी आत काय सांगितलं असेल ते असेल, पण बाहेर आल्यावर चेहरा हलका होता.

आणि "दुखतंय का?" असं विचारू नका, उत्तर नाहीच येतं. "रात्री कुशीवर वळताना काय होतं?", "जिना चढताना कुठे थांबता?" असं विचारा. उत्तर येतं.

उलट बाजूही आहे, म्हणजे आपणच बाबांच्या वतीने सगळं बोलायला लागतो. माझी ताई तर "आम्हाला उलटी होते" असं म्हणायची. डॉक्टरांनी एकदा शांतपणे विचारलं, "तुम्हाला होते की काकांना?"

५. या गोष्टींना सकाळपर्यंत थांबायचं नाही

हे पान काढून फ्रिजवर लावा.

पाय आणि पाठ. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबायला लागली की पाठीत नवीन किंवा वेगळंच दुखतं, पट्ट्यासारखं छातीभोवती येतं, खोकताना किंवा आडवं झाल्यावर वाढतं. मग पाय जड, चालताना लटपटणं, बधिरपणा, विशेषतः मांड्यांच्या मधे आणि बसायच्या जागी, लघवी अडकणं किंवा संडासवरचा ताबा जाणं. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी, त्याच तासाला इमर्जन्सी. तिथे "हाडांत पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आहे, पाय कमजोर झालेत" हे वाक्य स्पष्ट सांगा, म्हणजे ते साधी पाठदुखी समजून बसवून ठेवणार नाहीत. तातडीने पूर्ण मणक्याचा एमआरआय, स्टेरॉइड, आणि रेडिएशन किंवा ऑपरेशन करतात. उपचार सुरू होताना जो माणूस चालत असतो तो पुढेही चालता राहायची शक्यता खूप जास्त, एकदा पाय गेले की परत यायची कमी. म्हणून घाई.

ताप. केमो चालू असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, साधा जंतूही जिवावर बेततो. आधी ताप मोजा, लगेच फोन करा, निघा. गोळीने ताप दबतो आणि आत जंतू वाढतच राहतो, हा सापळा आहे. हुडहुडी भरली आणि ताप नाही, तरीही फोन.

लघवी. तासन्‌तास होत नाहीये आणि ओटीपोट दगडासारखं झालंय, किंवा रक्ताच्या गाठी जातायत, किंवा कॅथेटर (लघवीची नळी) आहे आणि पिशवीत काहीच येत नाहीये. किडन्यांवर दाब येतो. काही वेळा मात्र हे हळूहळू, न दुखता होतं, नुसतं क्रिएटिनिन चढत जातं, म्हणून तो आकडा रिपोर्टमधे दरवेळी बघा.

पडणं. बाबा पडले आणि मांडी किंवा खुब्यात दुखतंय, तर "मुका मार असेल" म्हणून तेल चोळत बसू नका. कमकुवत हाड जरा धक्क्याने मोडतं. आणि नुसतं पायावर भार दिला की मांडीत कळ येते असं असेल तर मोडायच्या आधीच एक्सरे करून घ्या.

६. दुखण्याला घाबरायचं नाही, मॉर्फिनला तर नाहीच

"मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय. आमच्या घरातही तेच होतं आणि त्यापायी बाबांनी उगाच दोन महिने सोसलं. मॉर्फिन दुखण्याप्रमाणे देतात, दिवस किती उरलेत त्याप्रमाणे नाही. रेडिएशननंतर दुखणं कमी झालं तेव्हा बाबांचा डोस डॉक्टरांनी हळूहळू कमी पण केला होता. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर व्यसन लागायची भीती फार कमी.

काही गोष्टी मात्र पक्क्या:

- गोळी घड्याळाप्रमाणे. दुखल्यावर घेऊ असं म्हटलं की दुखणं पुढे पळतं आणि आपण मागे
- मधेच कळ आली तर घ्यायचा वेगळा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि दिवसात तो किती वेळा लागला ते वहीत
- संडास साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मळमळ, गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ होत नाही कमी. बाबा मॉर्फिनने जेवढे वैतागले नाहीत तेवढे संडास न झाल्याने वैतागले
- सावकाश सुटणाऱ्या गोळ्या कुटून, चावून द्यायच्या नाहीत, सगळा डोस एकदम अंगात जातो
- फार गुंगी, अंगाला झटके, भास असं दिसलं तर लगेच कळवा. किडनी मंदावली असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, दुसरं औषध देता येतं
- मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणून द्यायचं नाही, किडनीची वाट लागते

हाडाच्या दुखण्यावर रेडिएशन फार चांगलं. पुष्कळदा ८ ग्रे डोसची एकच बैठक पुरते, दहा दिवसांच्या कोर्सएवढाच आराम पडतो. फक्त पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढू शकतं आणि खरा आराम यायला दोन ते चार आठवडे लागतात. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी मी फोन करून भांडलो होतो.

पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना लवकर भेटा. नाव ऐकून लोक बिचकतात, पण ते दुखणं, झोप, मळमळ, धाप, भीती या सगळ्याचे तज्ज्ञ असतात आणि कॅन्सरचे उपचार चालू असतानाच भेटायचं असतं. आम्ही दीड वर्ष उशीर केला. याचं मला अजून वाईट वाटतं.

७. आधी दातांचा डॉक्टर, मग हाडांचं इंजेक्शन

हाडं मजबूत ठेवायला झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब देतात. त्यामुळे क्वचित जबड्याचं हाड सडायला लागतं, बहुतेकदा दात काढल्यानंतर. म्हणून इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी दात तपासून, जे काढायचे ते काढून, जखम भरू द्यायची. नंतर कुठल्याही डेंटिस्टकडे गेलात तरी हे इंजेक्शन चालू आहे ते आधी सांगा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तेवढं चुकवू नका, डेनोसुमॅबवर रक्तातलं कॅल्शियम खूप उतरू शकतं.

८. पीएसए परत चढला की

बहुतेकांचा चढतोच, एक ना एक दिवस. टेस्टोस्टेरॉन तळाला असूनही आजार वाढतो, त्याला कॅस्ट्रेशन रेझिस्टंट म्हणतात. हा शब्द बाबांसमोर कोणी मोठ्याने उच्चारला तर त्याचा अर्थ आधीच समजावून ठेवा, फार भयंकर वाटतो ऐकायला. इथून पुढे दुसरी गोळी, डोसिटॅक्सेल, मग कॅबाझिटॅक्सेल, आजार फक्त हाडांतच असेल तर रेडियम-२२३, पीएसएमए पेटमधे डाग उजळत असतील तर ल्युटेशियमचं इंजेक्शन जे दर सहा आठवड्यांनी जास्तीत जास्त सहा वेळा देतात, असे रस्ते असतात. हार्मोनचं इंजेक्शन सहसा चालूच ठेवतात, ते "आता उपयोग नाही" म्हणून बंद करू नका.

या टप्प्याला, खरं तर आधीच, जीन टेस्ट विचारा. बीआरसीए सारख्या जीनमधे बिघाड असेल तर ओलापॅरिब सारखी गोळी चालू शकते.

प्रत्येक नव्या उपचाराआधी आम्ही तीन प्रश्न विचारायचो: याने वेळ वाढेल की त्रास कमी होईल की दोन्ही? काम करतंय हे कधी आणि कशावरून कळेल? नाही घेतलं तर काय? तिसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण बाबांनीच एकदा विचारला आणि डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून नीट उत्तर दिलं.

झाडपाल्याची औषधं, कोणाच्या ओळखीतल्या पुड्या. भांडण नको म्हणून लोक गुपचूप देतात. द्यायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून द्या, बऱ्याच गोष्टी लिव्हरवर ताण आणतात आणि अबिराटेरोनवर लिव्हर आधीच सांभाळायचं असतं. "शंभर टक्के बरा" म्हणणारा आला की दार दाखवा.

९. आई, आणि बाकीचे

बाबांची सगळी चौकशी करतात, आईची कोणी करत नाही. हार्मोनमुळे नवरा-बायकोच्या नात्यात जे बदलतं त्यावर आई आपल्याशी बोलणार नाही, आपणही विचारणार नाही, पण समुपदेशक किंवा नर्सशी तिला एकटीला बोलायला वेळ मिळवून द्या. कामं वाटून घ्या, लिहून. लांब राहणारा भाऊ बहीण असेल तर त्याला विम्याचे कागद, फोन, रिपोर्ट व्यवस्थित लावणं द्या, लांबून होण्यासारखी कामं पुष्कळ असतात, नाहीतर तो फक्त सल्ले देतो.

बाबांपासून लपवू नका. आमच्याकडे पहिला महिनाभर "हाडांना सूज आहे" चाललं होतं. बाबांना माहीत होतं, त्यांनीच नंतर सांगितलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प होतो. म्हणजे घरात चार माणसं आणि चारही नाटक करतायत. किती जाणून घ्यायचंय ते त्यांनाच विचारा, काहींना सगळं हवं असतं, काहींना नको असतं, दोन्ही ठीक.

बँक, सह्या, मृत्युपत्र, कुठले पासवर्ड, हे डोकं स्वच्छ असतानाच. आणि त्याच दिवसांत हेही: शेवटी घरी की हॉस्पिटलमधे, व्हेंटिलेटर हवा का नको, निर्णय कोणी घ्यायचा. आम्ही गाडीत विचारलं, दोघंही समोर रस्त्याकडे बघत होतो त्यामुळे सोपं गेलं.

१०. शेवटचे काही आठवडे

झोप वाढते, खाणं पिणं कमी होतं. बळजबरीने भरवू नका, शरीरच मागत नाही. ओठ ओले ठेवा, दर थोड्या वेळाने कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज बघा, लाल झालं की लगेच सांगा, बेडसोअर दोन दिवसांत होतं. गिळता येईना झालं की गोळ्यांऐवजी त्वचेला चिकटवायची औषधाची पट्टी किंवा त्वचेखालचं इंजेक्शन यांची सोय आधीच विचारून ठेवा, रविवारी रात्री धावपळ नको. रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर मोठ्या अक्षरात. श्वास घरघरतो तेव्हा आपल्याला वाटतं त्यांना त्रास होतोय, बहुतेक वेळा तेव्हा त्यांना तेवढी जाणीव नसते, तरी औषध असतं, विचारा. उरलेलं मॉर्फिन कुठे परत द्यायचं ते जिथून मिळालं तिथे विचारा, घरात ठेवू नका.

११. आता तुमची टेस्ट

वडिलांना असेल तर मुलाला धोका साधारण दुप्पट असतो. २०१६ मधे आलेल्या एका मोठ्या अभ्यासात पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या पुरुषांपैकी १०० मागे जवळजवळ १२ जणांत डीएनए दुरुस्त करणाऱ्या जीनचा बिघाड जन्मतःच होता. तो मुलींकडेही जातो, आणि बीआरसीए असेल तर त्यांना स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका, म्हणून बाबांची जीन टेस्ट ते असतानाच करून घ्या, ती तुमच्या बहिणीच्याही कामाची आहे. मुलांनी आणि काकांनी चाळिशीनंतर पीएसए कधीपासून आणि किती वेळाने करायचा ते डॉक्टरांना विचारा.

माझा पहिला पीएसए मी आठ महिने पुढे ढकलला. शेवटी ताईने अपॉइंटमेंट घेतली आणि सोबत आली, आणि डॉक्टरांनी "काही त्रास?" विचारल्यावर मी म्हणालो, "नाही, बरंय," तर तिने पर्समधून कागद काढला.